संगमनेरच्या खेळणीवाल्यांना खुले पत्र

दुकानदार बंधूंनो आणि ताईंनो,



बाजारपेठेतली जुनी दुकाने, बसस्थानकाजवळच्या हातगाड्या, हनुमान जयंतीला रथाच्या वाटेवर पाल टाकणारे फिरते विक्रेते, संगमनेरात जो कोणी लहान मुलाच्या हातात खेळणे देतो त्या प्रत्येकासाठी हे पत्र आहे. विषय एवढाच: तीन ते सहा वर्षांच्या मुलाला खेळायला स्वस्तातला माईक कोणता द्यावा. मी बालवाडीत शिकवते. वाढदिवस जवळ आला, दिवाळी आली, मामाने गावाला जाताना काय न्यावे हा प्रश्न पडला, की पालक मला हेच विचारतात. मी माझे मत सांगते, पण खरा निर्णय तुमच्या काउंटरवर होतो. तुम्ही वरच्या फळीवरून कोणते खोके काढता आणि ते काढताना कोणते दोन शब्द बोलता, यावर मुलाच्या हाती काय पडणार ते ठरते. म्हणून तुम्हालाच लिहिते आहे.

आपल्या गावात मुलाला माईकचे वेड लागले तर त्यात नवल नाही. सप्ताहात कीर्तनकारांच्या समोर माईक असतो. लग्नात आहेर पुकारणाऱ्याच्या हातात माईक असतो. सकाळची घंटागाडी भोंग्यावर गाणे लावून गल्लीत येते, कारखान्याच्या सभेत पुढारी माईकवर बोलतात, पंधरा ऑगस्टला शाळेत पहिलीतले पोर पायाच्या टाचा उचलून स्टँडपर्यंत तोंड नेते. मूल हे सगळे बघते आणि एक गोष्ट पक्की ओळखते: ज्याच्या हातात ही काठी, त्याचे सगळे ऐकतात. घरात त्याचे बोलणे अर्ध्यात तुटते, "थांब, मोठी माणसं बोलतायत" म्हणून. मग ते लाटणे उचलते, कंगवा उचलते, टॉर्च तोंडाशी धरते आणि पलंगावर चढून भाषण ठोकते. २००८-०९ साली 'सारेगमप'चे 'लिटल चॅम्प्स' पर्व झी मराठीवर गाजले, आळंदीची कार्तिकी गायकवाड जिंकली, तेव्हा तर महाराष्ट्रात घरोघरी लाटण्यांचे माईक झाले होते. ती मुले आता मोठी होऊन तुमच्या दुकानात आपल्या मुलांसाठी माईक मागायला येतात.

आणि हे गाव अनंत फंदींचे आहे. १७४४ साली इथे जन्मलेल्या या शाहिराने डफ-तुणतुण्याच्या साथीवर, उघड्या मैदानात, माईक नावाची वस्तू जगात येण्याच्या कितीतरी वर्षे आधी माणसे खिळवून ठेवली. लावणी, पोवाडा, फटका, पुढे कीर्तन, सगळे एका गळ्यावर. त्यांच्या नावाने आपल्याकडे व्याख्यानमाला होते. हे सांगण्याचे कारण असे की मुलाला माईक देताना आपल्याला त्याचा गळा मोकळा करायचा आहे. यंत्राने त्याच्या गळ्याची जागा घ्यायची नाही. माझे सगळे म्हणणे या एका मुद्द्यावर उभे आहे.

आता वस्तूंकडे येते.

तुमच्याकडे एक प्लॅस्टिकचा, रंगीत, पोकळ माईक असतो. त्यात सेल नाही, वायर नाही, दिवा नाही. तोंडाशी धरून बोलले की आवाज घुमतो. जत्रेत तो पन्नास ते शंभर रुपयांत मिळतो, आणि बहुतेक गिऱ्हाईक त्याला "हा नुसता खोटा आहे" म्हणून बाजूला सारते. तो खोटा नाही. त्याच्या आत एक पातळ पडदा आणि त्याला जोडलेली लांब, सैल पोलादी स्प्रिंग असते. मुलाच्या आवाजाने पडदा थरथरतो, ती थरथर स्प्रिंगमधून पलीकडच्या टोकाला जाते, तिथून परत फिरते, पुन्हा जाते, आणि प्रत्येक फेरीला थोडी विरत कानापर्यंत पोचते. मोठ्या देवळाच्या सभामंडपात टाळी वाजवली की जसा घुमारा येतो तसा तो ऐकू येतो. अमेरिकेतल्या हॅमंड कंपनीने आपल्या विजेवरच्या ऑर्गनला सभागृहाचा घुमारा दिला तो याच स्प्रिंगच्या युक्तीने, आणि पुढे गिटारच्या अँप्लिफायरमध्येही तीच युक्ती गेली. म्हणजे शंभर रुपयांच्या आत मुलाच्या हातात ध्वनिशास्त्राचा एक खरा, उघडून पाहता येईल असा धडा पडतो.

तीन-चार वर्षांच्या मुलासाठी मी हाच माईक सांगते, आणि अगदी ठामपणे सांगते. तो मुलाच्या आवाजापेक्षा मोठा होऊ शकत नाही, कारण त्याला बाहेरून जोर मिळत नाही. मूल हळू बोलले तर तो हळू घुमतो, ओरडले तर ओरडतो, गप्प बसले तर गप्प बसतो. वर्गात जे मूल गोलात बसून तोंड उघडत नाही, ते कोपऱ्यात जाऊन या माईकमध्ये कुजबुजते, हे मी पुन्हा पुन्हा पाहिले आहे. आधी नुसते "हॅलो, हॅलो." मग स्वतःचे नाव. मग आईचे. मग एक दिवस "माझा नंबर कधी?" असे विचारते. त्याला समोर श्रोते नको असतात, आपलाच आवाज परत यायला हवा असतो. पूर्वी मुले रिकाम्या माठात तोंड घालून बोलायची, दोन काडेपेट्यांना दोरा बांधून फोन करायची, ती याच ओढीने.

घेताना दोन गोष्टी बघाव्या लागतात आणि त्या तुम्हीच बघून द्याव्यात अशी विनंती आहे. माईक कानाशी धरून हलवला की आत स्प्रिंग खुळखुळली पाहिजे. काही स्वस्त नगांत ती मुळात नसते किंवा वाहतुकीत निसटलेली असते, आणि मग तो खरोखरच नुसता डबा उरतो. दुसरे, वरची जाळीदार टोपी दोन बोटांनी ओढून, पिळून बघा. ती हातात आली तर आतली स्प्रिंग आणि पडदाही मुलाच्या हातात येणार. सव्वा इंच व्यासाच्या नळकांड्यात मावेल एवढी कोणतीही सुटी वस्तू तीन वर्षांखालच्या मुलाच्या घशात अडकू शकते. खेळण्यांच्या तपासणीतले मोजमाप जवळपास तेवढेच आहे, ३१.७ मिलिमीटर. जाळीवर स्पंजची टोपी असेल तर ती दुकानातच काढून घ्या. लहान मुले ती चावून चावून तुकडे गिळतात.

पण आता गिऱ्हाईक मागते ते दुसरेच. काळ्या, सोनेरी किंवा गुलाबी रंगाचा, दांड्यातच स्पीकर बसवलेला, मोबाईलला ब्लूटूथने जोडायचा कॅराओके माईक. साधारण तीनशे ते सहाशे रुपयांत मिळतो. त्यात आवाजाचे बटण, 'इको'चे बटण, लुकलुकते दिवे, चार्जिंगची पिन असते. त्याच्या डोक्यात ज्वारीच्या कणसावरच्या दाण्यापेक्षा थोडी मोठी, चकतीसारखी गोष्ट असते, ती खरा माईक. बेल लॅबोरेटरीजमध्ये जेम्स वेस्ट आणि गेरहार्ड सेसलर यांनी १९६२ साली जो इलेक्ट्रेट माईक बनवला, त्याचाच हा वंशज. त्या शोधामुळे माईक इतका छोटा आणि इतका स्वस्त झाला की तो खेळण्यात घालणे परवडू लागले. वस्तू म्हणून मला त्याच्याविषयी आदरच आहे.

अडचण वापराची आहे. या माईकवर मोबाईलमधले गाणे लागते, आणि एकदा लागले की मूल गात नाही. ते माईक हातात धरून उभे राहते, ओठ हलवते, दिवे बघते. गाणे गायकाचे, आवाज यंत्राचा. दहा मिनिटांनी मूल कंटाळते, मोठ्यांना वाटते खेळणे फुकट गेले. काही माईकमध्ये तर ठोकळेबाज गाणी आधीच भरलेली असतात आणि बटण दाबले की ती सुरू होतात. असे माईक मुलाला देऊच नयेत असे माझे स्पष्ट मत आहे. पालकांनी विचारले तर त्यांना सांगा: पहिले काही दिवस मोबाईल जोडू नका. नुसता माईक चालू करा आणि मुलाला बोलू द्या, मोजू द्या, गल्लीतल्या कुत्र्याची बातमी देऊ द्या.

दुसरी अडचण आवाजाच्या जोराची, आणि इथे मला थोडे सविस्तर सांगायचे आहे, कारण दुकानात याविषयी कोणी बोलत नाही.

आवाज डेसिबलमध्ये मोजतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या सुरक्षित ऐकण्याच्या शिफारशीत मोठ्या माणसासाठी आठवड्याला ८० डेसिबल चाळीस तास ही मर्यादा धरली आहे. मुलांसाठी ती ७५ डेसिबल चाळीस तास अशी खाली आणली आहे. दर तीन डेसिबल वाढले की चालणारा वेळ निम्मा होतो. हिशोब केला तर ८५ डेसिबलला मुलासाठी आठवड्याचे जेमतेम चार तास उरतात, ९० डेसिबलला सव्वा तास. आता कॅराओके माईक हातात धरून पाहा. त्याचा स्पीकर मुलाच्या हनुवटीच्या खाली, कानापासून वीतभर अंतरावर असतो. आवाजाच्या उगमापासूनचे अंतर निम्मे केले की जोर साधारण सहा डेसिबलने वाढतो. समोर तीन फुटांवर बसलेल्या आजीला जो आवाज "बरा आहे" वाटतो, तो त्याच क्षणी मुलाच्या कानात बारा डेसिबलने जास्त असू शकतो. कानाच्या आतल्या शंखातल्या केसासारख्या पेशी एकदा मेल्या की पुन्हा येत नाहीत. मूल तक्रारही करत नाही, कारण त्याला मोठा आवाज आवडतो.

गणपतीतल्या आणि लग्नातल्या आवाजाबद्दल आपण भांडतो. रात्री दहा ते सकाळी सहा ध्वनिक्षेपक बंद, निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, हे सन २००० चे नियम कुणालाही तोंडपाठ असतात. मग मुलाच्या हनुवटीखालच्या ध्वनिक्षेपकाबद्दल बोलायला आपण का बिचकावे?

उपाय तुमच्या हातात आहे आणि त्याला पैसा लागत नाही. माईक चालू करून आवाजाचे बटण पूर्ण फिरवा. त्यावर बोला. मुलाच्या कानाशी जिथे तो येईल तिथे मोबाईल धरून आवाज मोजायचे एखादे ॲप लावा. ॲपचा आकडा अगदी तंतोतंत नसेल, पण दोन माईकमधला फरक तो नीट दाखवतो. ज्याचा कमाल आवाज कमी, तो माईक लहान मुलाच्या पालकाला द्या. मोठा आवाज हा गुण म्हणून सांगू नका. "वॅट जास्त आहेत" हे वाक्य पाच वर्षांच्या मुलाच्या आईला ऐकवायचे नाही. शिवाय बटण अर्ध्याच्या वर गेले की हा माईक कुई करून किंचाळतो, कारण स्पीकरमधून निघालेला आवाज लगेच शेजारच्या माईकमध्ये शिरतो, पुन्हा मोठा होऊन बाहेर पडतो, आणि हे चक्र थांबत नाही. गिऱ्हाईकाला वाटते माल खराब आहे. बटण अर्ध्यावर आणि इको चतकोर ठेवायला सांगितले तर तेच गिऱ्हाईक तक्रार घेऊन परत येणार नाही.

सेलचे बोलायलाच हवे. छोट्या, दिव्यांच्या माईकमध्ये बटणाएवढे गोल सेल असतात. ते मुलाने गिळले आणि अन्ननलिकेत अडकले, तर तिथल्या ओलाव्यात विद्युतप्रवाह सुरू होऊन दोन तासांत आतले अस्तर जळू शकते. मोठे, चपटे लिथियमचे सेल सर्वांत घातक. म्हणून सेलच्या खणाचे झाकण स्क्रूने बंद होणारे नसेल, नखाने उघडत असेल, तर तो माईक विकू नका, मग त्यात कितीही नफा असो. पालकांना हेही सांगा की सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी ओकारी काढायला लावू नये, वाट बघू नये, एक्स-रेची सोय असलेल्या दवाखान्यात थेट जावे. चार्जिंगचा माईक असेल तर चार्जिंगला लावलेला असताना तो मुलाच्या हाती नको, आणि बॅटरी फुगून दांडा उमलल्यासारखा दिसला तर तो कायमचा बाजूला ठेवावा.

खोक्यावरची खूण वाचायला तुम्ही शिकलात तर गिऱ्हाईकही शिकेल. १ जानेवारी २०२१ पासून चौदा वर्षांखालच्या मुलांच्या खेळण्यांवर भारतीय मानक ब्यूरोची आयएसआय खूण सक्तीची आहे, आणि खुणेखालचा परवाना क्रमांक 'बीआयएस केअर' ॲपमध्ये टाकून तपासता येतो. कॅराओके माईक मात्र बऱ्याचदा खेळणे म्हणून नाही, इलेक्ट्रॉनिक वस्तू म्हणून येतो. तसल्या वस्तूची नोंदणी मुख्यतः झटका बसू नये, आग लागू नये यासाठी असते. त्या वस्तूने मुलाच्या कानाशी किती जोराने बोलावे, हे तिथे कोणी मुलाचा विचार करून ठरवलेले नसते. म्हणून खेळण्यांच्या फळीवर, बाहुल्या आणि गाड्यांच्या शेजारी तो मांडण्याआधी खोके एकदा फिरवून वाचा. ज्याच्यावर कसलीच खूण नाही, कोणाचा पत्ता नाही, तो माल परत पाठवा.

सहा वर्षांच्या पुढच्या मुलासाठी माझी पसंती वायरच्या साध्या माईककडे आहे. आपल्याकडे भजनी मंडळे भरपूर, कित्येक घरांत आजोबांचा जुना अँप्लिफायर किंवा टीव्हीजवळचा मोठा स्पीकर असतो. त्याला पाव इंची पिनचा डायनॅमिक माईक जोडता येतो. त्यात तारेचे वेटोळे आणि लोहचुंबक असते, सेल लागत नाही, पडला तरी सहसा टिकतो, आणि स्पीकर मुलापासून चार-सहा फूट लांब राहतो. शिवाय मूल माईक धरायला शिकते: तोंडापासून चार बोटे, फुंकायचे नाही, वर टिचक्या मारायच्या नाहीत. साधा माईक चारशेच्या आसपास येतो. खेळण्यांच्या दुकानात तो नसेल तर गिऱ्हाईकाला इलेक्ट्रिकच्या दुकानात पाठवा. एका विक्रीवर पाणी सोडावे लागेल, पण ते गिऱ्हाईक पुढच्या वेळी सल्ला विचारायला तुमच्याकडेच येईल.

एक गोष्ट मला फार जवळची आहे म्हणून लिहिते. माईक मागायला येणारे पालक पुष्कळदा मुलासाठी मागतात आणि सोबतच्या मुलीला भातुकली घेतात. १९२९ साली इंग्रज सरकारने हनुमान जयंतीची मिरवणूक अडवली तेव्हा संगमनेरच्या बायकांनी पुढे होऊन रथ ओढला, आणि आजही रथाला पहिला हात त्यांचा लागतो. त्याच गावात मुलीच्या हातात माईक देताना कोणी थांबू नये. काउंटरवर माईक काढलात तर आधी तिला बोलून बघू द्या. तिच्या तोंडून काय निघते ते ऐकून कित्येक बापांचे मत तिथल्या तिथे बदलेल.

पंधरा ऑगस्टच्या भाषणाची सुरुवात आपल्या शाळांत वर्षानुवर्षे तीच असते. "मी जे दोन शब्द सांगणार आहे ते शांत चित्ताने ऐकावेत ही नम्र विनंती." मुले ते घोकतात, पण पुढच्या ओळीला अडतात, कारण त्या आधी त्यांचा आवाज कधी चार माणसांत घुमलेलाच नसतो. जे मूल चौथ्या वर्षी स्प्रिंगच्या माईकमध्ये मांजराची बातमी वाचते, त्याला पहिलीत स्टँडसमोर गेल्यावर स्वतःचा आवाज अनोळखी वाटत नाही. आपलाच आवाज बाहेरून ऐकला की तो वेगळा लागतो. एरवी तो हाडांतूनही कानात येत असतो, म्हणून ध्वनिमुद्रित आवाज पातळ वाटतो. मोबाईलवर पहिल्यांदा स्वतःचे बोलणे ऐकून "हा मी नाहीच" म्हणणारी मुले मी पाहिली आहेत. ती ओळख लवकर झालेली बरी.

तर मागणे असे. प्रत्येक दुकानात स्प्रिंगचा एक आणि कॅराओकेचा एक माईक खोक्याबाहेर काढून ठेवा, मुलांना हात लावायला. रोज एकदा जाळी ओल्या फडक्याने पुसून घ्या, कारण दहा तोंडे तिथे येणार. मुलाला विकत घेण्याआधी बोलू द्या, आणि पालक घाई करत असतील तर त्यांना दोन मिनिटे थांबायला सांगा. स्प्रिंगचा माईक फळीवर खाली, मुलाच्या डोळ्यांच्या उंचीला ठेवा. स्वस्त आहे म्हणून तो मागे लपवू नका. येत्या हनुमान जयंतीच्या आधी घाऊक माल भराल तेव्हा निदान एक पेटी त्याची घ्या. बालवाडीच्या पालकसभेत मी त्याचे नाव घेणारच आहे, आणि कुठे मिळतो असे कोणी विचारले तर संगमनेरातच मिळतो असे मला सांगता आले पाहिजे.

आपली,
बालवाडीतली एक ताई
संगमनेर